पिस्तुलावरच्या खुणा आणि वाटीवरचे नाव

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शिरले की प्रथम कानांवर येतो तो पत्रा कापण्याचा कर्कश आवाज, आणि नाकाशी दरवळतो तो लेथवर तापलेल्या तेलाचा वास. खंडेराव महाराजांनी १८७० च्या सुमारास येथे राजवाडा बांधविला तेव्हा मकरपुरे हे शहरापासून दूरचे, झाडीतले, उन्हाळ्यात चार दिवस निवांत घालविण्याचे ठिकाण होते. तो राजवाडा पुढे हवाई दलाकडे गेला, आणि भोवतालच्या माळावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. बडोद्याच्या मराठी घरांतून ज्यांची मुले कचेरीच्या खुर्चीऐवजी यंत्रापाशी उभी राहिली, त्यांपैकी कित्येकांनी पहिला पगार याच वसाहतीत मोजून घेतला आहे.

असेच आमचे एक स्नेही येथे लहानसा टूलरूम चालवितात. गेल्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो तो एक वेगळीच शंका घेऊन. शंका आमची नव्हती. दांडिया बाजारात राहणाऱ्या, नात्याने लांबच्या पण मायेने जवळच्या अशा एका काकूंची होती. त्यांचे सासरे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुण्याजवळ खडकीस लष्कराच्या भांडारात नोकरीस होते. युद्ध संपल्यावर ते बडोद्यास परतले आणि काही वर्षांनी त्यांनी रीतसर परवाना काढून एक रिव्हॉल्व्हर बाळगले. ते वारल्यानंतर वारसांनी नियमाप्रमाणे ते जमा केले. घरात उरली ती चामड्याची रिकामी म्यान आणि एक वही. त्या वहीत सासऱ्यांनी शस्त्रावरच्या सर्व खुणा आपल्या वळणदार अक्षरांत उतरून ठेवल्या होत्या. वरती ‘वेब्ली’ हे नाव आणि नळीचे माप, मग अनुक्रमांक, मग इंग्रजीत ‘वॉर फिनिश’ असे दोन शब्द, आणि शेवटी पेन्सिलीने काढलेली, चांदणीसारखी दिसणारी एक आकृती.

या चांदणीने घरात मोठे काहूर माजविले होते. काकूंच्या पुतण्याने कोठेतरी वाचले होते की महायुद्धातील ब्रिटिश गुप्तहेरांच्या पिस्तुलांवर कारखान्याचे नाव नसे, असे ते केवळ आकडा आणि चांदणी. त्यात आजोबा खडकीस होते, आणि खडकीपासून थोड्याच अंतरावर, खडकवासल्याच्या तलावाकाठी, ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेची शाळा होती, हेही त्याला ठाऊक. मग ‘वॉर फिनिश’ म्हणजे युद्ध संपविण्याकरिता दिलेले हत्यार, आणि आजोबा म्हणजे मुखवट्याआडचे गुप्तहेर, हा निष्कर्ष निघण्यास कितीसा वेळ लागणार? “तुम्ही एकदा नीट पाहून सांगा,” काकू आम्हांला म्हणाल्या होत्या. “ह्यांचे वडील घरात कधी चार शब्द बोलले नाहीत. निदान काय करीत होते एवढे तरी कळू द्या.”

आमच्या स्नेह्यांनी वही पाहण्यापूर्वी आपल्या टेबलाचा खण उघडला. आत लाकडी पेटीत शून्यापासून नवापर्यंतचे पोलादी पंच ओळीने उभे होते. एक उचलून त्यांनी लोखंडाच्या तुकड्यावर टेकविला, हातोडीचा एकच ठोका दिला, आणि सातचा आकडा उमटला. “आता हा घालवून पाहा,” असे म्हणून त्यांनी कानस आमच्या हाती दिली. आम्ही घासघासून पृष्ठभाग गुळगुळीत केला. आकडा गेला असे आम्हांस वाटले. त्यांना तसे वाटले नाही. पंचाचा ठोका बसला की केवळ खाच पडत नाही, खाचेखालचा धातूही दडपला जातो, आणि त्याची घडण शेजारच्या धातूहून निराळी होते. वरचा आकडा घासून टाकला तरी खालची ती दडपण राहतेच. विशिष्ट आम्ल लावले म्हणजे दडपलेला भाग आणि मोकळा भाग निरनिराळ्या वेगाने झिजतात, आणि गेलेला आकडा पुसट का होईना, पुन्हा वर येतो. गुन्हेअन्वेषणाच्या प्रयोगशाळांत आकडा घासलेली शस्त्रे याच रीतीने बोलती केली जातात.

शस्त्रावरच्या खुणांची भाषा ही अशी आहे. ती ठोकणारे हात अनेक असतात आणि प्रत्येकाचे प्रयोजन वेगळे. कारखानदार आपले नाव व अनुक्रमांक ठोकतो. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांत नळीत जादा दाबाचे काडतूस उडवून पाहतात आणि ती टिकली तर तेथली मुद्रा बसते. परदेशी बनावटीच्या शस्त्रावर ही परीक्षागृहे पूर्वी ‘इंग्लिश बनावटीचे नव्हे’ अशा अर्थाचे शब्दही आवर्जून ठोकीत असत. सरकारी मालकीची खूण म्हणजे रुंद फाळाचा बाण. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्याच बाणाखाली इंग्रजी ‘आय’ अक्षर असे. आणि सरकारने माल विकून टाकला म्हणजे पहिल्या बाणासमोर दुसरा उलटा बाण, टोकाला टोक भिडवून, ठोकला जाई.

वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. टोकाला टोक भिडलेले दोन बाण घाईने कागदावर काढले तर ते चांदणीसारखे दिसतात. काकूंच्या वहीतील चांदणी ती हीच. सरकारी भांडारातून निकालात काढून विकलेला माल, एवढाच तिचा अर्थ. ‘वॉर फिनिश’चा अर्थ तर त्याहूनही साधा निघाला. युद्धकाळात वेब्ली कंपनीला शस्त्रांना नेहमीची तकतकीत झिलई देण्यास सवड नव्हती. यंत्राच्या हत्यारांचे ओरखडे तसेच ठेवून माल बाहेर पडे. आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून कंपनी त्यावर ‘वॉर फिनिश’, म्हणजे ‘ही युद्धकाळातली ओबडधोबड घडाई आहे’, असे ठोकीत असे. दिलगिरीच म्हणा ना ती! असली रिव्हॉल्व्हरे त्या काळी मोठ्या संख्येने निघाली.

पुतण्याने वाचलेले मात्र अगदीच खोटे नव्हते. १९४० च्या जुलैत ब्रिटनने शत्रूच्या ताब्यातील मुलखात घातपात व हेरगिरी करण्यासाठी एस.ओ.ई. या नावाची संघटना उभारली. लंडनच्या उत्तरेस वेलविन गावाजवळ तिचे संशोधन केंद्र होते आणि तेथे तयार झालेल्या वस्तूंच्या नावाआधी ‘वेल’ हे उपपद लावण्याची चाल पडली. तेथले ‘वेलरॉड’ पिस्तूल दिसायला सायकलच्या पंपासारखे होते. मूठ काढून घेतली की नुसती नळी उरे, आणि ती मूठ म्हणजेच गोळ्यांचे घर असे. आवाज जवळजवळ होत नसे. ते बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्यात झाले असे मानतात, परंतु त्यावर कारखान्याचे नाव, गावाचे नाव, देशाचे नाव, काही म्हणजे काही नाही. एक आकडा आणि चांदणीसारखी एखादी निरर्थक खूण. ज्या बी.एस.ए.च्या मोटारसायकली आपल्याकडच्या हौशी मंडळींनी नावासकट मिरविल्या, तिलाच हे निनावी बाळंतपण करावे लागले हे मोठे गमतीचे वाटते.

अमेरिकेने तर आकडासुद्धा ठेवला नाही. १९४२ च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सच्या मोटारींचे दिवे बनविणाऱ्या शाखेत, अवघ्या अकरा आठवड्यांत, सुमारे दहा लाख पिस्तुले ठोकून काढण्यात आली. पत्र्याचे एकेरी बाराचे हे पिस्तूल पुढे ‘लिबरेटर’ या नावाने प्रसिद्ध झाले. तेवीस सुटे भाग, किंमत दोन डॉलरांच्या आसपास, आणि कागदोपत्री नाव काय, तर प्रकाशगोळा फेकण्याचे साधन! सोबत वापराची कृती चित्रांतून, एकही शब्द न लिहिता दिलेली, कारण ते कोणत्या भाषेच्या माणसाच्या हाती पडेल याचा नेम नव्हता. प्रत्यक्षात त्यांतली फारच थोडी इच्छित हातांत पोहोचली. उलट त्याच अमेरिकेच्या गुप्तचर खात्याला दिलेल्या कित्येक कोल्ट पिस्तुलांवर ‘अमेरिकन सरकारची मालमत्ता’ असे स्वच्छ अक्षरांत ठोकलेले असे. सरकारी भांडारप्रमुखाची शिस्त ती. गुप्तहेर पकडला गेला तर जावो, पण यादीत वस्तू कमी भरता कामा नये.

ब्रिटिशांनी तिसरीही एक युक्ती योजिली, ती दुसऱ्याच्या नावाची. अर्जेंटिनात बॅलेस्टर-मोलिना नावाची पिस्तुले होत. ब्रिटनने ती काही हजारांच्या संख्येने घेतली, आणि त्या मागणीतील पिस्तुलांचे अनुक्रमांक ‘बी’ अक्षराने सुरू होतात. त्यांतली पुष्कळशी एस.ओ.ई.च्या वाट्यास गेली असे संग्राहक सांगतात. शत्रूच्या हाती पडले तर त्यावर इंग्लंड नव्हे, ब्युनोस आयरिस वाचावयास मिळावे, हा हेतू असावा. या पिस्तुलांचे पोलाद १९३९ च्या डिसेंबरात माँटेव्हिडिओजवळ बुडविलेल्या जर्मन युद्धनौकेचे, ग्राफ श्पेचे, होते अशी आख्यायिका आहे. तिला पुरावा कोणी दिलेला नाही. परंतु आख्यायिकांना पुरावा लागत असता तर काकूंच्या घरची चांदणी इतकी वर्षे कशी चमकली असती?

आकडा माणसाला कसा पकडून देतो याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९१४ च्या ऑगस्टात, पहिले महायुद्ध नुकतेच पेटले असता, कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून बंगाली क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे लांबविली. कंपनीचाच एक कारकून त्यांना सामील होता. काम अचूक झाले. परंतु प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची यादी कंपनीच्या दप्तरात होती. पुढे बंगालात कोठेही माउझर सापडले की पोलीस यादी उघडून बोट ठेवीत, आणि गटागटांचे धागे जुळत जात. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाने चोपन्न घटनांचा संबंध या पिस्तुलांशी जोडून दाखविला. या चळवळीच्या आरंभीच्या काळातले अरविंद घोष तेरा वर्षे आपल्या बडोद्यात महाराजांच्या नोकरीत होते, म्हणून हा उल्लेख येथे अस्थानी ठरू नये.

खडकवासल्याची शाळा हीसुद्धा कल्पना नव्हे. ‘ईस्टर्न वॉरफेअर स्कूल’ या गोलमाल नावाखाली सिंहगडाच्या सावलीत मलायासाठी निवडलेल्या चिनी तरुणांना स्फोटके, बिनतारी यंत्र आणि जंगलातील लढाई शिकविली जात असे. ज्या डोंगरात तानाजीने दोर लावला तेथेच हे दूरदेशीचे तरुण चढाई शिकले, आणि त्यांतले काही परत आले नाहीत. आज त्याच तलावाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. काकूंच्या सासऱ्यांचा त्या शाळेशी संबंध आला होता काय? वहीत तसा एक शब्द नाही. खडकीच्या भांडारातून सगळ्याच छावण्यांना माल जाई, आणि माल मोजून देणाऱ्याला तो पुढे कोठे गेला हे सांगितले जात नसे.

हे सर्व काकूंना सांगावयाचे कसे, याचा विचार करीत आम्ही मकरपुऱ्याहून शहराकडे परत निघालो. वाटेत आठवण झाली ती याकुतपुऱ्याची. कारण एस.ओ.ई.चे आणि बडोद्याचे खरे नाते आहे, आणि ते या भागातल्या एका घराण्याचे आहे.

गायनाचार्य मौलाबक्ष हे नाव बडोद्याच्या मराठी मंडळींना नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये त्यांनी गायनशाळा सुरू केली. तिचा वारसा आजच्या विद्यापीठाच्या संगीतशिक्षणापर्यंत येऊन पोहोचला आहे, आणि आपल्या कित्येक घरांतील आजोबांनी स्वरलिपीचे पहिले धडे त्या परंपरेतच गिरविले. मौलाबक्षांच्या कन्येचे पुत्र इनायत खान यांचा जन्म बडोद्यात १८८२ च्या ५ जुलैला झाला. वीणा आणि गायन शिकून, सूफी मार्गाची दीक्षा घेऊन, १९१० च्या १३ सप्टेंबरला ते मुंबईहून परदेशी निघाले. ओरा बेकर या अमेरिकन युवतीशी त्यांनी लंडनमध्ये विवाह केला. त्यांची थोरली मुलगी नूर १९१४ च्या पहिल्या दिवशी मॉस्कोत जन्मली आणि पॅरिसजवळ वाढली. ती वीणा वाजवी, मुलांसाठी गोष्टी लिही; जातककथांचे तिचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले. फ्रान्स पडल्यावर कुटुंब इंग्लंडला आले. नूर हवाई दलाच्या महिला शाखेत शिरली, बिनतारी संदेशाचे काम शिकली, आणि १९४३ च्या आरंभी एस.ओ.ई.ने तिला निवडले.

शिक्षणकाळातील तिच्याविषयीचे अभिप्राय फारसे चांगले नाहीत. धावते चांगली, पण एरवी धांदरट. शस्त्रांना फार भिते, मात्र ती भीती घालविण्याचा प्रामाणिक प्रयत्न करते, अशा आशयाचे शेरे शिक्षकांनी मारले आहेत. अशा या मुलीला १६ जूनच्या रात्री लहान विमानातून फ्रान्समध्ये उतरविण्यात आले. जाणाऱ्या प्रत्येकाची निघण्यापूर्वी कसून झडती होई. कपड्यांवर इंग्लिश शिंप्याची चिठ्ठी नको, शिलाई फ्रेंच धाटणीची हवी, खिशात लंडनचे तिकीट राहता कामा नये. पिस्तुलावरून नाव घासावे तसे माणसावरूनच नाव घासून काढण्याचा हा प्रकार होता. नूरचे गुप्त नाव झाले ‘मॅडेलीन’.

ती पोहोचल्यावर काही दिवसांतच पॅरिसमधील तिच्या संघटनेचे लोक एकापाठोपाठ पकडले गेले. परत येण्याची सूचना असूनही, इंग्लंडशी संपर्क राखणारे दुसरे कोणी उरले नाही म्हणून ती तेथेच राहिली. यंत्र घेऊन घर बदलत, रस्ता बदलत, तिने जवळजवळ चार महिने संदेश पाठविले. ऑक्टोबरात फितुरीने ती सापडली. तिने पाठविलेल्या संदेशांच्या नकला एका वहीत जपून ठेवल्या होत्या. वरिष्ठांच्या सूचनेचा अर्थ तिने तसा लावला होता असे म्हणतात. ती वही जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्या आधारे त्यांनी तिच्या नावाने खोटे संदेश लंडनला धाडले. पुढे त्या फसवणुकीत आणखी माणसे गेली. ही गोष्ट सांगताना कित्येक लेखक अडखळतात. आम्हांस ती लपविण्याचे कारण दिसत नाही. तिने चौकशीत कोणाचे नाव सांगितल्याचे मात्र पुढे आलेले नाही, आणि दोनदा तिने निसटण्याचा प्रयत्न केला.

नोव्हेंबरात तिला जर्मनीत फॉर्त्सहाइमच्या तुरुंगात एकट्या कोठडीत, हातपाय साखळदंडांनी जखडून ठेवण्यात आले. ज्या कैद्यांचा मागमूस कोणाला लागू द्यावयाचा नाही अशांच्या यादीत तिचे नाव होते. त्याच तुरुंगात काही फ्रेंच स्त्रिया आल्या. एकमेकींशी बोलणे शक्य नव्हते, परंतु जेवणाची धातूची भांडी धुवून फिरती असत. नूरने आपल्या भांड्याच्या बुडाशी ओरखडून लिहिले: नोरा बेकर, आणि खाली लंडनमधील टॅव्हिटन स्ट्रीटवरचा चार नंबरचा पत्ता. नोरा हे तिने पकडणाऱ्यांना सांगितलेले नाव, बेकर हे आईच्या माहेरचे. भांड्यांच्या बुडांवरून काही महिने हा पत्रव्यवहार चालला.

१९४४ च्या १३ सप्टेंबरला, वडिलांनी हिंदुस्थान सोडल्याच्याच तारखेला, आणखी तिघींसह तिला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घालण्यात आली. ती तीस वर्षांची होती.

युद्ध संपल्यावर लंडनमधील अधिकाऱ्यांनी हरवलेल्यांचा शोध घेतला तेव्हा नूर दुसऱ्याच एका छावणीत, नात्सवायलर येथे, मारली गेली असा समज झाला. तेथे मेलेल्या एका अनोळखी तरुणीचे वर्णन तिच्याशी जुळते असे वाटले, आणि कागदोपत्री तसे लिहिलेही गेले. चूक उघडकीस आली ती फॉर्त्सहाइमच्या धाग्यावरून. त्या फ्रेंच स्त्रियांपैकी योलांद लाग्राव ही जिवंत परतली होती आणि भांड्याच्या बुडावरचे नाव व पत्ता तिने लक्षात ठेविला होता. नोरा बेकर सप्टेंबरपर्यंत त्या तुरुंगात होती, म्हणजे जुलैत नात्सवायलरला मेलेली ती नव्हे, हे त्यातून ठरले. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन चौकात तिचा अर्धपुतळा बसला, आणि २०२० मध्ये टॅव्हिटन स्ट्रीटच्या त्याच चार नंबरच्या घरावर तिच्या नावाची निळी फरसी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकूंकडे गेलो आणि सारे यथाक्रम सांगितले. दोन बाणांचे, ‘वॉर फिनिश’चे, आणि त्यांच्या सासऱ्यांच्या शस्त्राचा गुप्तहेरांशी संबंध दिसत नसल्याचे. पुतण्या खट्टू झाला. त्याने वहीवरची चांदणी पुन्हा पुन्हा न्याहाळली, पेन्सिलीने शेजारी दोन बाण काढून पाहिले, आणि मुकाट्याने वही मिटली. काकू मात्र आमच्या अपेक्षेइतक्या हिरमुसल्या नाहीत. नूरची हकीकत सुरू झाली तेव्हा त्यांनी हातातले निवडणे बाजूस ठेवले होते. भांड्यावरच्या नावापाशी आलो तशा त्या मध्येच म्हणाल्या, “म्हणजे वाटीवर नाव घातले म्हणा की तिने.”

आमच्या डोक्यात हे आले नव्हते. आपल्या घरांत कोणती वाटी, कोणते तांब्या-भांडे नावावाचून असते? लग्नात, मुंजीत, बारशाला आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाराचे नाव, तिथी, सन, आणि ते टिंबाटिंबांनी घालणारा कासार. काकू उठून आत गेल्या आणि पितळेचा एक जुना डबा घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी खडकीहून परतताना घेतलेला. पालथा करून त्यांनी आमच्या हाती दिला. बुडाशी सासऱ्यांचे नाव नव्हतेच. सासूबाईंचे होते, आणि खाली ‘खडकी, सन १९४६’ असे ठळक टिंबांत घातलेले.

“हे त्यांनी स्वतः ठोकले होते,” काकू म्हणाल्या. “भांडारातल्या पंचांनी.”

पुतण्याने डबा खिडकीच्या उजेडाकडे नेला आणि अंगठ्याने अक्षरांवरून हात फिरवीत तो बराच वेळ तेथेच उभा राहिला.